गुप्तेबाईंचा हत्यारांचा वर्ग

मालतीबाई गुप्ते यांची आणि माझी पहिली ओळख खिडकीच्या ग्रिलमुळे झाली. मी वेल्डर; ठाण्यात नौपाड्यातल्या त्यांच्या घरी ग्रिल बसवायला गेलेलो. बाई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. खुर्ची ओढून समोर बसल्या आणि विचारलं, "हातात काय आहे?"

"हॅमर."

"आणि करतोयस काय?"

"हॅमर मारतोय. दिसत नाही का, बाई?"

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "इंग्रजीत 'मारतोय' वेगळं म्हणावं लागत नाही. आय हॅमर. वस्तूचं नाव तेच, कामाचंही तेच. अरे, निम्मं इंग्रजी तुला येतंच की!"

आठवीपर्यंतच्या शाळेत मला काय येत नाही एवढंच कळलेलं. त्या आठवड्यापासून मी आंबिवलीहून लोकलने त्यांच्या इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागलो.

वर्ग बाईंच्याच हॉलमध्ये, संध्याकाळी. पुस्तक नाही. नियम एकच: आपल्या कामातली एक वस्तू आणायची, वर धरून तिचं नाव घ्यायचं आणि तोच शब्द बोलत काम करून दाखवायचं. सलूनवाले दिनेशदादा कंगवा आणायचे आणि "आय कोम" म्हणत माझेच केस विंचरायचे. दवाखान्यातल्या शोभामावशी बँडेज आणून सापडेल त्याचा हात गुंडाळायच्या. मला चेव आला. "आय स्पॅनर, आय हेल्मेट" असं काहीही ठोकू लागलो. बाई पोट धरून हसल्या. मग फळ्यावर दोन रकाने आखले: कामाला जाणारे शब्द आणि नुसते बसून राहणारे. पुढे कुणी अभ्यास टाळला की मावशी टोमणा मारायच्या, "काय रे, आज तू पण हेल्मेट का?"

बाईंचा मोठेपणा मी एका बारीक गोष्टीत पाहिला. वेल्ड हे नुसतं काम, वस्तू नाही, असं त्या एकदा म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, आमचा सुपरवायझर जोडावर बोट ठेवून 'हा वेल्ड कच्चा आहे' म्हणतो." बाईंनी उठून डिक्शनरी उघडली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मी चुकले. आज संतोषने मला शिकवलं."

मी एका जागी टिकणारा नव्हे. दोन वर्षांत चार कामं सोडलेली. परदेशी नोकरीच्या ट्रेड टेस्टला एकदा नापास झालेलो. हात चालले, पण काय करतोय ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं नाही. पुन्हा नापास झालो तर एजंट नाव काढून टाकणार होता. दुसरी टेस्ट जवळ आली तशी भीतीने मी वर्गच सोडला. आठ दिवसांनी बाई रिक्षाने थेट बाळकुमला, मी काम करत होतो त्या बांधकामाच्या साइटवर हजर! वॉचमन म्हणाला, "आजी, आत हेल्मेट लागतं."

"मग दे की!"

पिवळं हेल्मेट घालून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "जोड कर आणि बोलत राहा. चुकलास तरी थांबायचं नाही." टेस्टपर्यंत रोज जेवणाच्या सुट्टीत त्या आल्या.

टेस्टला साहेबाने विचारलं, काय करतोस? मी सुरू झालो: आय क्लीन, आय क्लॅम्प, आय वेल्ड, आय ग्राइंड. वाक्यं दोन-दोन शब्दांची, पण थांबलो नाही. पास झालो.

आज ओमानमधल्या यार्डात माझं तिसरं वर्ष आहे. पुढच्या महिन्यात फोरमनच्या जागेसाठी मुलाखत आहे, तिथे लांब वाक्यं लागतात. दर शुक्रवारी बाई व्हिडिओवर ती घोकून घेतात. मध्येच गुडघा धरतात, पण तास सोडत नाहीत. मावशींकडून कळलं की डॉक्टरांनी दिलेली ऑपरेशनची तारीख त्यांनी पुढे ढकलली. कारण माझी मुलाखत.

बाई, या पंच्याहत्तरीला आणखी पंचवीस वर्षांची जोड मिळो, आणि ती वर्षं तुम्ही तुरुतुरु चालत घालवा. म्हणून तुमच्या वाढदिवसाच्या या अंकात सगळ्यांसमोर लिहितो: ऑपरेशन आता करूनच घ्या. मुलाखतीत मी बोलेन. तेवढं शिकवलंत तुम्ही.