अंगठ्याच्या बाजूनं

"काका, खरं धरा," सर म्हणाले. मी त्यांचं मनगट आवळलं. आमचं रोजचंच काम. त्या संध्याकाळनंतर ते झालं नाही.

गारखेड्यात मैदानावरून जाताना तुम्हीही पाहिलं असेल. पांढऱ्या कपड्यातली पोरं, पुढं वाळका, टकलू कराटेवाला आणि त्याचा हात धरून उभा एक म्हातारा. तो मी. जन्मभर गवंडीकाम केलं, हातात जोर राहिला. पोरं एकमेकांना हळूच धरायची. सर चिडायचे. "नवरीचा हात धरलाय का रे? काका, या इकडं."

माझी बायको गेली तेव्हा मी दार लावून पडलो होतो. सर म्हणजे माझ्या शेजारचा माणूस. त्यानं तिला खांदा दिला आणि तेराव्यानंतर मला ओढून मैदानावर नेलं. दुःखाबद्दल एक शब्द नाही. "मला धरायला माणूस पाहिजे," एवढंच.

काता म्हणजे ठरलेल्या हालचाली. पोरं त्या नाचल्यासारख्या करायची. एक हात पुढं, दुसरी मूठ कमरेला. सर म्हणायचे, "कमरेवरची मूठ रिकामी नाय. तिच्यात त्याचा हात हाय, ओढून आणलेला." पकडलं की माणूस मागं ओढतो आणि तिथंच फसतो. उलट आत शिरायचं, अंगाला अंग लागेस्तोवर. अंगठ्याच्या बाजूनं हात सोडवायचा, कोपर हाणायचं आणि पळायचं. "पळायची लाज वाटती त्यानं उद्यापासून येऊ नका." आईबाप स्पर्धेतली ढाल कधी मिळणार विचारायचे. सर तोंडावर म्हणायचे, "बाजारातून आणा." म्हणून वर्ग कधी भरला नाही.

फुलंब्रीहून एक पोरगी कॉलेजला यायची, संध्याकाळी वर्ग करून घरी जायची. सकाळच्या गाडीत एक जण तिचा हात धरायचा. घरी सांगावं तर कॉलेज बंद. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "सर, उद्या बघतो म्हणलाय तो."

सरांनी माझ्या हातातून मनगट सोडवून तिला दाखवलं. मग मी तिला धरलं. ती मागंच ओढत राहिली. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. मनगट लाल झालं, डोळ्यात पाणी आलं.

"आजून येत नाय तुला," सर म्हणाले. "सकाळी मी फुलंब्रीला येतो. शेजारी बसून आणीन."

पहाटे त्यांच्या भावानं माझं दार वाजवलं. छातीत कळ आली, सर गेले. "माती नऊला हाय."

मी गेलो, सरांच्या पायाला हात लावला आणि निघालो.

"कुठं निघालात?" भावानं विचारलं.

"फुलंब्रीला."

"लाज हाय का काका? तुमच्या बायकोला खांदा दिला त्यानं."

पोरीची गोष्ट चार माणसांत बोलायची नव्हती. ऐकून घेतलं.

फुलंब्रीच्या स्टँडवर ती सरांची वाट बघत होती. मला पाहून माझ्या मागं बघायला लागली. "काका, सर?"

गाडी लागली होती. तिनं डोळ्यानंच दाखवलं, तोही चढत होता.

"आधी चढ," मी म्हणालो. तिला खिडकीकडं सरकवलं आणि बाजूला बसलो. तो थांबला, माझ्याकडं बघितलं आणि मागं जाऊन बसला.

शहराच्या तोंडाशी हर्सूल आलं तेव्हा नऊ वाजून गेले होते. मग तिला सांगितलं.