मागच्या खोलीतला वाद्यवृंद

ईशान आणि मीरा, गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही मला विचारलंत की मी पाठवलेली आणि बाबांनी तुम्हाला ऐकवलेली ती धून कुठल्या ऑर्केस्ट्राने वाजवली आहे. तुमच्या बाबांचा अंदाज होता, युरोपातला एखादा असावा. मी सांगायला लागले आणि तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. अशी गोष्ट तुकड्या-तुकड्यांत सांगण्यात अर्थ नाही, म्हणून व्यवस्थित लिहायला बसले आहे. तो ऑर्केस्ट्रा दादरला राहतो. माझे धाकटे दीर, म्हणजे तुमचे भाऊआजोबा, यांच्या मागच्या खोलीत, शिलाईचं मशीन आणि गाद्यांचा ढीग यांच्या मधोमध. सत्तर-ऐंशी वादक तरी असतील. त्यांतलं एकही माणूस त्या घराचा उंबरठा कधी ओलांडून आलेलं नाही, तरीही आपल्या माणसांना भाऊजींइतकं सांभाळून घेणारा दुसरा गृहस्थ सबंध मुंबईत नसेल.

हे कसं घडतं ते मला समजलं तेवढं सांगते. परदेशात मोठ्या सभागृहांत खरे वादक बसवतात आणि त्यांच्याकडून एकेक सूर वाजवून घेतात. हळू, जोरात, लांबवलेला, तुटक, व्हायोलिनचा गज वर नेताना, खाली आणताना. असे हजारो सुटे सूर संगणकावर विकत मिळतात. भाऊजी एका छोट्या कीबोर्डची पट्टी दाबतात आणि त्यातलं हवं ते वाद्य वाजतं. "म्हणजे पट्टी दाबली की झालं," असं मी सुरुवातीला म्हणून गेले. भाऊजी दुखावले. "वहिनी, डब्यात डाळ-तांदूळ असले म्हणजे स्वयंपाक झाला का?"

हा स्वयंपाक भाऊजींनी निवृत्तीनंतर मांडला. त्याआधी जन्मभर ते माझगावच्या गोदीत जहाजांचे नकाशे काढत. लहानपणी गिरगावात एका मास्तरांकडे व्हायोलिन शिकायला जात, पण थोड्याच दिवसांत मास्तरांनी आमच्या सासऱ्यांपुढे हात जोडले. बोटांत नव्हतं ते भाऊजींनी कानात साठवून ठेवलं असावं. कारण संगणकावर पहिली धून तयार झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि भाऊजी मात्र तोंड पाडून बसले. म्हणाले, "ही कवायत झाली. सगळे एका ठोक्यावर पाय आपटतायत. माणसं अशी नसतात." मग त्यांनी प्रत्येक वादकाचा सूर वेगवेगळा हाती घेऊन कुणाला केसभर पुढे, कुणाला केसभर मागे सरकवलं. मागच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्यांना नेहमीच जरा उशीर होतो हे माझ्यासुद्धा लक्षात आलं, तेव्हा मी कारण विचारलं. भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "ते डोंबिवलीहून येतात."

वादकांचे स्वभावही त्यांना पाठ होते. दुसरा हॉर्न उर्मट, चेलोवाले समजूतदार, ओबोवाली बाई जरा मनाला लावून घेणारी. जेवायला बसले तरी त्यांच्याच तक्रारी. माझी जाऊ मूळची लालबागची, गिरणी कामगाराची मुलगी, आणि जिभेला धार. ती भाकरी वाढता वाढता म्हणायची, "ताई, आमच्याकडे ऐंशी माणसं कामाला आहेत आणि एकजण दळण आणून देईल तर शपथ." दुपारी चहाच्या वेळी भाऊजी काम थांबवत, कारण वादक दमतात. त्यावर जाऊबाई दारातून विचारायची, "त्यांचा पण टाकू का हो? साखर किती घेतात?" भाऊजी शांतपणे सांगत, "त्यांना नको. मला अर्धा कप जास्त दे."

खऱ्या सभागृहात आवाज कसा फिरतो हे कळावं म्हणून ते एकदा मला परळच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये घेऊन गेले. हॉल रिकामा होता. मला त्यांनी दाराशी उभं केलं आणि स्वतः स्टेजवर जाऊन, मग उजवीकडे, मग डावीकडे, मग पार मागे सरकून टाळ्या वाजवत राहिले. मॅनेजर दरपत्रक घेऊन धावत आला. "काका, मुलीचं का मुलाचं?" भाऊजी म्हणाले, "बासरीचं. ती इथे बसली तर चांगली की तिथे, एवढंच बघायचंय." मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजी शाळेतली निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर शिस्तीने वागलेली. मी मान डोलावून म्हटलं, "तिथेच बरी वाटते." घरी परतताना भाऊजी इतके खूश होते की त्यांनी मला पियूष पाजलं.

पण त्यांची सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे ती नळी. प्लास्टिकची पातळ नळी, एक टोक तोंडात, दुसरं एका छोट्या डबीत, आणि डबी संगणकाला जोडलेली. बोटांनी सूर निवडायचा आणि नळीत फुंकर घालून तो लहान-मोठा करायचा. हळू फुंकलं की सगळा वाद्यवृंद कुजबुजतो, जोर लावला की अंगावर येतो. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात बसून, डोळे मिटून, गाल फुगवून भाऊजी फुंकत असत. एकदा खालच्या मजल्यावरचे शेजारी वर्गणी मागायला आले, नळी पाहिली आणि तसेच परत फिरले. थोड्या वेळाने शहाळं घेऊन आले आणि हात जोडून उभे राहिले. सुरांची ओळ मध्येच तोडायची नाही म्हणून भाऊजी बोलेनात, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली. "धीर सोडू नका," ते जाऊबाईला म्हणाले, "हल्ली ऑक्सिजन घरीसुद्धा चांगला मिळतो." शहाळं भाऊजींनी ओळ संपल्यावर प्यायलं.

या नळीचा त्यांनी एक नियम केला होता. आपल्या एका श्वासात जेवढी मावेल तेवढीच ओळ वाजवायची, आणि संपली की वादकाला श्वास घ्यायला जागा सोडायची. संगणक तर दिवसभर न थांबता बासरी वाजवू शकतो. मी तसं म्हटलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "वाजवेल हो, पण वाजवणारी मरेल ना, वहिनी."

आता तुम्ही ऐकलेल्या धुनेबद्दल. ती तुमच्या आजोबांची शीळ आहे. आम्ही परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, आणि कामावरून आल्यावर आजोबा जिना चढताना शीळ घालत. ती ऐकून मी चहाचं आधण ठेवायची. कुठल्या गाण्याची चाल, असं विचारलं तर म्हणत, "असंच काहीतरी." शेवटचा सूर ते लांबवत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो सुरू होई आणि आमच्या दाराशी येऊन थांबे. तुमच्या जन्माच्या खूप आधी, तुमचे बाबा अगदी लहान असतानाच ते गेले. तेव्हा फोटो काढायची पद्धत होती, आवाज कुणी साठवून ठेवत नसे. भाऊजी त्याच घरात लहानाचे मोठे झाले, त्यामुळे ती शीळ जशीच्या तशी आता फक्त त्यांच्या आणि माझ्या कानांत उरली होती. मला सूर लागत नाही. म्हणून भाऊजींनी ठरवलं की दादाची शीळ पोरांसाठी पूर्ण वाद्यवृंदावर बसवायची.

काम बरंचसं झालं आणि भाऊजींचा दम कमी होऊ लागला. डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं आखडत चालली आहेत, गेलेला श्वास परत यायचा नाही, आहे तो जपून वापरा. भाऊजींनी तो जपून वापरला, म्हणजे बोलणं कमी केलं आणि नळी चालू ठेवली. एकेक ओळ करत ते शेवटच्या सुरापर्यंत आले. तो बासरीला दिला होता, आणि तो काही केल्या पुरा होईना. अर्ध्यावर खोकला यायचा.

फुंकर न घालता, पडद्यावर माउसने रेघ ओढूनही सूर लहान-मोठा करता येतो. मी म्हटलं, "भाऊजी, ओढा रेघ. पोरांना काय कळणार आहे?" त्यांनी ओढली. ऐकली. माझ्या कानाला छान वाटली. भाऊजींनी ती पुसून टाकली. "दादा जिना चढत नाहीये," ते म्हणाले, "लिफ्टने येतोय."

जाऊबाई दारात उभी होती. इतकी वर्षं या नळीला नावं ठेवलेली ती, चिडली की मालवणीत बोलते. पुढे आली आणि म्हणाली, "हाडा ती नळी हयसर." म्हणजे, आणा ती नळी इकडे.

"अगं, तुला जमायचं नाही."

"भजनात मी एका दमात किती ओढते ते तुम्ही कधी ऐकायला आलात का? पट्टी दाबा."

पहिल्यांदा तिने चूल पेटवायची असल्यासारखं फुंकलं आणि बासरी किंचाळली. भाऊजी हसले, हसताना खोकले, आम्ही पाणी दिलं. दुसऱ्यांदा ती घाबरून इतकं हळू फुंकत होती की काहीच ऐकू आलं नाही. मग भाऊजींनी एका हाताने पट्टी दाबून धरली आणि दुसरा हात तिच्यासमोर आडवा धरला. हात वर जाईल तसं वाढवायचं, खाली येईल तसं कमी करायचं. ती त्या हाताकडे पाहत राहिली. सूर निघाला, जिन्याच्या वळणावर वाढला आणि हाताबरोबर हळूहळू उतरत दाराशी आला. संपता संपता जरासा थरथरला. जाऊबाई नळी काढून म्हणाली, "शेवटाला हललं. परत करू या."

भाऊजी म्हणाले, "राहू दे. एवढं चढून आल्यावर दम लागतोच."

मी स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण ठेवलं.

त्यानंतर भाऊजींनी नवीन काही केलेलं नाही. ते खिडकीपाशी बसतात, थोडं बोलतात, बरंचसं ऐकतात. संगणकावर जाऊबाईने जुन्या साडीचं कव्हर शिवून घातलं आहे. परळची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तो जिनाही गेला. तुमच्या आजोबांचा आवाज कुणाकडेच नाही. त्यांची शीळ आहे.