लेनिनग्राडमध्ये पिकलेली एकोणीस केळी

१९८६च्या नोव्हेंबरात, क्रांतिदिनाच्या सुट्टीला जोडून आलेल्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता लेनिनग्राडमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकोणीस केळी पिकली. ती पिकवली धुळ्याच्या माझ्या मित्राने. पिकवून देण्याचा शब्द मी दिला होता.

आम्ही दोघे तेव्हा मॉस्कोत इंजिनिअरिंग शिकत होतो. मी सावद्याजवळच्या गावचा, केळी आणि कापूस पिकवणाऱ्या घरातला. मित्राच्या वडिलांची धुळ्यात फळांची वखार होती. वर्गातला लेनिनग्राडचा एक मुलगा सुट्टीत आम्हाला आपल्या घरी घेऊन गेला. परदेशी विद्यार्थ्यांना दुसऱ्या शहरात जायला परवाना लागे. तो मिळायला आठ दिवस गेले. गुरुवारी रात्री गाडीत बसलो आणि शुक्रवारी सकाळी लेनिनग्राडला उतरलो.

घरात वर्गमित्राची आई आणि तिचे वडील होते. एका मोठ्या घरातल्या दोन खोल्या त्यांच्या होत्या. उरलेल्या खोल्यांत इतर कुटुंबे राहत. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सगळ्यांत मिळून एक होते. म्हातारे निवृत्त ट्रामचालक होते. रविवारी त्यांना सत्तर वर्षे पूर्ण होणार होती आणि पाच वाजता जेवणाला नातेवाईक येणार होते.

चहा झाल्यावर आईने पलंगाखालून एक खोके ओढून काढले. आत केळी होती. सणाच्या तोंडावर दुकानात आली होती. दर माणशी दोन किलो मिळत होती, म्हणून तिने शेजारणीलाही सोबत घेतले होते आणि दोघी तीन तास रांगेत उभ्या राहिल्या होत्या. खोक्यात सव्वीस केळी होती. सगळी कच्ची, गडद हिरवी.

तिने सांगितले त्यावरून अडचण कळली. काही वर्षांपूर्वी म्हाताऱ्यांना कामावर कुणीतरी एक केळे दिले होते. ते त्यांनी तसेच हिरवे सोलून खाल्ले. हा कच्चा बटाटा आहे आणि गोड असल्याची गोष्ट रांगेत उभे राहणाऱ्यांनी स्वतःची समजूत घालायला रचली आहे, असे त्यांचे तेव्हापासूनचे मत होते. ते मत त्यांनी आताही खिडकीजवळच्या खुर्चीतून ऐकवले. वडिलांनी एकदा तरी पिकलेले केळे खावे, एवढेच आईला हवे होते. पाहुण्यांनाही तिने सांगून ठेवले होते. पुन्हा केळी कधी येतील याचा भरवसा नव्हता.

तिने मला विचारले, रविवारपर्यंत पिकतील का? मी म्हणालो, आमच्या घरी तीन पिढ्या केळी आहेत, काळजी करू नका. मित्र ब्रेडला लोणी लावत होता.

केळी मी पिकायला लावली. घराच्या खिडक्यांना दुहेरी काचा होत्या आणि मधे हातभर जागा. थंडीत लोक तिथे लोणी ठेवत. मी फण्या सुट्या केल्या, एकमेकींना लागणार नाहीत अशा त्या जागेत मांडल्या आणि वारा खेळता राहावा म्हणून आतली काच बोटभर उघडी ठेवली. हे मी विचार करून केले नाही. आमच्याकडे कापलेला घड हातात आला की पहिली सावली शोधतात, खाली पाने अंथरतात, घडावर घड येऊ देत नाहीत. मी लहानपणापासून तेच पाहिले होते.

दिवसभर आम्ही शहर पाहिले. संचलन संपून गर्दी पांगत होती. नदीवर युद्धनौका उभ्या होत्या. मित्राने पूल मोजायला सुरुवात केली आणि अकराव्या पुलानंतर सोडून दिले. संध्याकाळी सात वाजता परतलो. मित्राने खिडकीकडे पाहिले, एक फणी काढून गालाला लावली आणि तशीच माझ्या गालाला लावली. ती बर्फासारखी होती. काचेला टेकलेली तीन केळी काळी पडली होती.

"ह्या तू दिल्लीले धाडी ऱ्हायना का?" दिल्लीला पाठवतोयस का, असे त्याने आपल्या बोलीत विचारले.

मला पहिल्यांदा कळले नाही. मग कळले. सावद्याच्या स्टेशनात केळीच्या वॅगन भरल्या जातात आणि माल दिल्लीला जातो. वाटेत तो पिवळा पडला तर व्यापारी घेत नाही. आमच्या भागाचे सगळे कसब केळे पिकू न देण्यात आहे. घरी खाण्यासाठी एक घड आढ्याला टांगलेला असे. तो आपोआप पिके, कुणी पिकवत नसे. वीस वर्षे केळीत काढून मी एकही केळे पिकवले नव्हते.

"तुमना सावदामा केळं पिकाडतांना कोनी देखेल शे का?" तो म्हणाला. "बठ्ठा माल हिरवा धाडी देतस. पिकाडतस ते आम्ही."

"मग सकाळीच का नाही बोललास, भो?"

तो म्हणाला की तीन पिढ्यांच्या मधे बोलणारा मी कोण. शिवाय काहीतरी नवीन पद्धत असेल, असेही त्याला वाटले होते.

रविवारी पाच वाजेपर्यंत शेहेचाळीस तास हातात होते. धुळ्याच्या वखारीत हिवाळ्यात दोन दिवस लागत. तिथली पद्धत त्याने सांगितली. एकच छोटे दार असलेली मातीने लिंपलेली खोली, आत घड दाटीने रचलेले, कोपऱ्यात मडक्यात धुमसणाऱ्या गोवऱ्या, आणि दाराच्या फटी चिखलाने बंद. ऊब, धूर आणि कोंडलेली हवा, एवढ्या तीन गोष्टी. लेनिनग्राडमध्ये गोवऱ्या नव्हत्या.

त्याने आईकडे काय काय आहे ते विचारले. कपडे उकळायचा झाकणाचा जस्ती डबा मिळाला. सफरचंदे मिळाली. पिकलेल्या फळाजवळ कच्चे फळ लवकर पिकते, हे त्याला वखारीतून ठाऊक होते. धुराचा प्रश्न त्याच्या स्वतःच्या बॅगेने सोडवला. त्याच्या आईने निघताना उदबत्तीचे दोन पुडे दिले होते आणि दोन वर्षांत त्याने एकही लावली नव्हती. यजमानांना भेट म्हणून त्याने ते सोबत आणले होते.

डब्याच्या तळाला वर्तमानपत्रे घातली. काळी पडलेली तीन बाजूला काढून तेवीस केळी दाटीने लावली, मधे मधे सफरचंदे बसवली आणि एका पेल्यात आठ उदबत्त्या पेटवून ठेवल्या. झाकण लावून कडेने कणीक थापली. कणीक मी मळली. माझ्याकडे आता तेवढेच काम होते. डबा न्हाणीघरात गरम पाण्याच्या नळ्यांपासून हातभर अंतरावर ठेवला. अगदी जवळ नको, मित्र म्हणाला, नाहीतर वरून पिवळी होतील आणि आतून उकडतील.

कोंडलेल्या डब्यात उदबत्ती थोड्या वेळाने विझते. म्हणून दिवसा दर चार तासांनी झाकण काढायचे, केळ्यांना वारा दाखवून ती पुन्हा रचायची, नव्या उदबत्त्या लावायच्या आणि ताजी कणीक थापायची, असे ठरले. शनिवारचे लेनिनग्राड आम्ही चार-चार तासांचे पाहिले. प्रसिद्ध चित्रसंग्रहालयात आम्ही पाऊण तास होतो. एका मोठ्या चित्रासमोर मी उभा असताना मित्राने घड्याळ दाखवले आणि आम्ही ट्राम पकडली. मित्राने नंतर सर्वांना सांगितले की सावदेकराला चित्रातही फळेच दिसत होती. ते खरे होते. चित्रात द्राक्षे होती.

शनिवारी दुपारी शेजारच्या खोलीतल्या बाई न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि चर्चसारखा वास येतो आहे, घरात धर्मगुरू आला आहे का, असे त्यांनी दबक्या आवाजात विचारले. तसे असेल तर त्यांची हरकत नव्हती, पण त्यांना वेळेत सांगायला हवे होते. आईने त्यांना डबा दाखवला. त्यानंतर त्या बाईही दर चार तासांनी हजर राहू लागल्या.

शनिवारी संध्याकाळी काही फरक नव्हता. आईने विचारले तेव्हा मित्र म्हणाला, उद्या. रविवारी सकाळी हिरवा रंग फिकट झाला होता. दुपारी एक वाजता देठाजवळ पिवळेपण दिसले. मित्राने एक केळे अंगठ्याने दाबून पाहिले आणि शेवटच्या उदबत्त्या लावल्या. त्या दिवशी आम्ही घराबाहेर पडलो नाही.

पाच वाजता पाहुणे बसले होते, त्यांच्यात शेजारच्या बाईही होत्या. मित्राने डबा थेट जेवणाच्या खोलीत आणला आणि सगळ्यांसमोर कणीक फोडली. एकोणीस केळी पिवळी झाली होती. चार अर्धवट होती. ती त्याने डब्यातच ठेवली. खोलीभर वास पसरला. आईने सर्वात मोठे केळे बशीत घालून वडिलांपुढे ठेवले.

त्यांनी ते सुरीने कापले आणि काट्याने पहिला तुकडा खाल्ला. मग काटा खाली ठेवून उरलेले हाताने संपवले. मग दुसरे घेतले. ते संपल्यावर म्हणाले, "हे वेगळं फळ आहे. त्या वेळी मला कुणीतरी बटाटा दिला होता."

आई हसली आणि डोळे पुसायला उठून गेली. परत आली तेव्हा तिने माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितले की हे याने केले. मी उभा राहिलो आणि मी केले नाही असे सांगितले. मी केळी खिडकीत मांडली होती, तेही सांगितले. म्हाताऱ्यांनी मित्राला त्याच्या गावाचे नाव विचारले आणि दोनदा म्हणून पाहिले. मग पेला उचलला.

"धुळे शहरासाठी," ते म्हणाले.

टेबलाभोवतीचे नऊही जण उभे राहिले. शेजारच्या बाईंनी विचारले, आणि या दुसऱ्याचे गाव? मित्राने रशियनमध्ये उत्तर दिले की त्या गावासाठी पेला हिरवाच पाठवून द्यावा. म्हाताऱ्यांनी तिसरे केळे घेतले. रात्रीच्या गाडीने आम्ही मॉस्कोला निघालो.

पुढच्या उन्हाळ्यात दोघेही घरी आलो. मी धुळ्याला दोन दिवस मित्राकडे राहिलो. त्याच्या वडिलांना सगळे नाना म्हणत. नानांनी हकिगत शांतपणे ऐकली आणि दोनच प्रश्न विचारले: झाकण किती वेळा काढले, आणि सफरचंदे पिकलेली होती की कच्ची? उत्तरे ऐकून त्यांनी मान डोलावली. मग मला वखारीत नेले आणि एक हिरवा घड माझ्या हाती दिला.

मी तो रचला, गोवऱ्या पेटवल्या, दाराच्या फटी चिखलाने लिंपल्या. नाना बाहेर खाटेवर बसून होते. मधे पडले नाहीत. उन्हाळा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दार फोडले. घड पिवळा झाला होता.

तो पोत्यात गुंडाळून मी जळगावच्या एसटीत बसलो. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या सीटवरच्या एका अक्कांनी विचारले, केळी सावद्याहून आणली का? मी सांगितले, नाही, सावद्याला नेतो आहे. त्यांनी एकदा घडाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि पिशवी मांडीवर घेऊन खिडकीकडे सरकल्या. जळगावला आणि भुसावळला गाडी बदलली. अंधार पडायच्या आत घड आमच्या घरी पोहोचला. तिसऱ्या दिवशी त्यातले एकही केळे उरले नव्हते.