दयानंद मास्तरांचं बोट

चूक दिसली की तोंडावर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्यामुळे ऑफिसात माझ्याबरोबर कोणी डबा खायला बसत नाही, असं माझा नवरा म्हणतो. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. मी मूळची लातूरची, उत्कर्षा माझं नाव. आता मारुंजीत एका सोसायटीच्या अकराव्या मजल्यावर राहते. पेटीच्या परीक्षा शाळेत असतानाच देऊन टाकल्या होत्या. पुढे नोकरी लागली आणि पेटी पलंगाखाली गेली.

ती बाहेर काढायला लावली कासार आंबोलीच्या दयानंद ओव्हाळ मास्तरांनी. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकाच्या तिथल्या बंगल्यावर रविवारी सकाळी गेले होते. शेजारच्या बुद्धविहारातून पेट्यांचा आवाज येत होता. चार पेट्या, अकरा पोरं, आळीपाळीनं वाजवत होती. मी दारात उभी राहून ऐकलं. लय पक्की होती आणि एकाही पोराच्या पुढ्यात वही नव्हती. मी मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, "लिव्हायचं मला येत न्हाई. तुमाला येतंय का? मग या की पुढच्या रव्वारी."

गेले. तेव्हापासून दर रविवारी स्कूटरवरून घोटावड्याच्या रस्त्यानं जाते. पहिला तास मास्तरांचा, दुसरा माझा. ते वाजवायला शिकवायचे आणि मी तेच पोरांना स्वरलिपीत लिहायला शिकवायचे. वर्ग सगळ्यांना खुला. बौद्ध वस्तीतली पोरं यायची, गावठाणातली यायची, एक वॉचमनची मुलगीही यायची.

मास्तर त्रेसष्ट वर्षांचे. अंगानं किरकोळ, पांढरा सदरा, आणि बोलणं इतकं कमी की सुरुवातीला मला वाटलं माणूस रागावलाय. पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात प्रेस मशीनवर त्यांची नोकरी झाली. पण खरं आयुष्य गेलं ते गायन पार्टीत. एप्रिल-मे आला की पौडापासून भोरापर्यंत जयंतीचे कार्यक्रम, ट्रकमध्ये पेटी आणि ढोलकी, आणि पहाटे परत येऊन थेट पहिली पाळी. बावीस वर्षांपूर्वी त्या प्रेसनं त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापासून नेली. सहा महिने ते घरी बसले, आणि सातव्या महिन्यात पार्टीत पेटीवर होते. हे मला त्यांच्या बायकोनं, इंदूबाईंनी सांगितलं. मास्तरांनी त्या बोटाबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि गावात कोणी काढतही नव्हतं.

त्यांची शिकवायची पद्धत पार्टीतलीच. पार्टीत कोणी कोणाला शिकवत नाही. वाजवणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि त्याच्या हाताकडे बघायचं. मास्तर पोराला शेजारी घ्यायचे, म्हणायचे, "माझ्या हाताकडं बघ," आणि वाजवायला लागायचे. पोरगं बघून बघून तसंच करायचं. वर्ष-दोन वर्षांत हात बसायचा. मला ही पद्धत फार आवडायची. आपल्याला सतरा वेळा समजावून सांगावं लागतं ते हा माणूस न बोलता कसं करतो, याचा हेवाही वाटायचा.

यंदा जूनमध्ये जान्हवीला परीक्षेला बसवायचं मी ठरवलं. ही तेरा वर्षांची, वर्गातली सगळ्यात तयार मुलगी. पण लय वाढवली की तिचा हात अडखळायचा. कुठे अडतं ते बघावं म्हणून मी तिच्या हाताचं मोबाइलवर चित्रण केलं आणि तिथेच बसून हळूहळू पाहिलं. सा अंगठ्यानं. रे मधल्या बोटानं. ग करंगळीशेजारच्या बोटानं. आणि तर्जनी वर, हवेत, ताठ.

मी मान वर केली. पलीकडच्या पेटीवरचा मुलगा तसाच वाजवत होता. त्याच्या पलीकडची मुलगी तशीच. पाळी बदलली तरी तेच. अकराच्या अकरा पोरं, धडधाकट पाच बोटांची, तर्जनी वर धरून चार बोटांनी पेटी वाजवत होती. दीड वर्ष मी तिथे बसत होते आणि मला दिसलं नव्हतं. माझं लक्ष सगळं वहीत. आणि मला हसू आलं. हसत हसत सगळ्यांसमोर मी बोलून गेले, "अहो मास्तर, तुम्ही तर सगळ्या पोरांचं एकेक बोट कापूनच ठेवलंय की."

कोणी हसलं नाही. मास्तर उठले. एकेका पेटीपाशी जाऊन उभे राहिले, पोरांना वाजवायला लावलं आणि अकरा हात पाहिले. मग आपल्या पेटीचा भाता मिटला, कडी लावली आणि मला म्हणाले, "मॅडम, बरोबर हाय तुमचं." चप्पल घालून निघून गेले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दोन्ही तास मीच घेतले. तर्जनी कुठे ठेवायची ते फळ्यावर हात काढून दाखवलं, नियम सांगितले. पोरं नियम पाळायची, पण ते बोट पट्टीवर मेल्यासारखं पडायचं, सूर निघायचा तो चोरटा. तिसऱ्या रविवारी सातच पोरं आली. जान्हवी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्तर म्हनत्यात, माझ्या हातनं पोरांचं वाटुळं झालं. आता मी पेटीला हात लावनार न्हाई."

माझ्या जिभेला काही हाड नाही हे मला ठाऊक होतं, पण ती एखाद्याचं आयुष्यभराचं वाजवणं बंद करील असं वाटलं नव्हतं. मला मनापासून लाज वाटली. वर्ग लवकर सोडला आणि तशीच त्यांच्या घरी गेले.

इंदूबाई ओट्यावर घेवडा निवडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या. बोलायचं ते बोला त्यांच्यासंगट. माझ्याशी तर बोलंनात. चार येळचं जेवान परत गेलंय." आणि घेवडा निवडत राहिल्या.

मास्तर मागल्या अंगणात खाटेवर बसले होते. मी माफी मागितली. फिरवून-फिरवून मागायला मला येत नाही, सरळ म्हटलं, मास्तर, मी चुकले, तसं बोलायला नको होतं.

"तुमी न्हाई चुकला," ते म्हणाले. "बावीस वर्सांत येक तरी मानूस बोलला का? पार्टीतली न्हाई, गावातली न्हाई. मला वाईट वाटंल म्हनून. आन मी आपला शिकवतोय."

"पण तुम्हाला कधी दिसलं कसं नाही? अकरा पोरांची बोटं वर?"

ते उजवा हात मांडीवर उलटा ठेवून म्हणाले, "हसू नका. पेटीवर बसलो ना, की ते बोट हाय. तितंच हाय. 'रे'वर पडतंय, मला लागतंय पट्टी. वाजवताना मी हाताकडं बघतच न्हाई, माझ्याबी न्हाई, पोरांच्याबी न्हाई. निस्तं ऐकतो. मला वाटायचं, पोरं माझं बघूनच वाजवत्यात, मंग पाची बोटानं वाजवत असतील."

मला रडू येत होतं आणि ते त्यांच्यासमोर यायला नको होतं. म्हणून जे सुचलं ते विचारलं. "पट्टी लागते म्हणजे कशी लागते? पोरांचं बोट मी 'रे'वर ठेवलं, पण सूरच लागत नाही."

"ठेवलं? ठेवायचं नसतंय ते." मास्तर पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "आदी अंगठा सोडायचा न्हाई. अंगठा दबलेला असतानाच बोट पट्टीवर यायला पायजे, नख न्हाई, मांस टेकलं पायजे. मंग अंगठा आपोआप सुटतोय." बोलता बोलता त्यांचा हात खाटेच्या काठावर चालायला लागला होता. नसलेल्या बोटाची इतकी नेमकी माहिती मला माझ्या असलेल्या बोटाची नव्हती.

"हे पोरांना सांगायला या," मी म्हटलं. "मला हे नाही सांगता येणार."

ते हो म्हणाले नाहीत. इंदूबाईंनी चहा दिला, तो घेऊन मी निघाले.

पुढच्या रविवारी मास्तर आले, अर्धा तास उशिरा, गळालेली चारही पोरं बरोबर घेऊन. पेटीवर बसले नाहीत. पोरांना गोल बसवलं आणि उजवा हात मधोमध पुढे केला. "बघा," म्हणाले. "कुनाला हात लावायचा आसंल तर लावा." प्रेसमध्ये बोट कसं गेलं ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "लई दुखलं का?" ते म्हणाले, "व्हय, लई." मग सगळ्यांकडे बघत म्हणाले, "आजपास्नं माझ्या हाताकडं बघायचं न्हाई. ज्यानं त्यानं आपलं बोट वापरायचं."

मग ते जान्हवीच्या शेजारी बसले. तिची तर्जनी आपल्या चिमटीत धरली, तिचा अंगठा 'सा'वर दाबलेला असतानाच ती अलगद 'रे'वर नेली आणि डोळे मिटले. "आजून थोडं फुडं. हां. हितं." सूर लागला. तसं त्यांनी अकराही पोरांचं केलं. दोन तास फक्त सा आणि रे वाजत होते आणि कोणी कंटाळलं नाही. एका मुलाचं बोट काही केल्या टेकेना, त्याचं तर त्यांनी वीस वेळा टेकवलं.

हल्ली वर्ग नीट चालतो. पण मागच्या महिन्यात सगळे गेल्यावर मास्तर आपल्या पेटीवर एकटेच बसलेले दिसले. सा वाजवायचे, थांबायचे, पुन्हा सा. मी विचारलं, काय झालं.

"ते बोट आता लागंना मला," ते म्हणाले. "पोरांची बोटं धरली ना, तवापास्नं. बसलो की चारच हायेत."

माझ्यामुळे त्यांचं ते बोट दुसऱ्यांदा गेलं होतं. मी तसं म्हणालेही.

मास्तरांनी मला हातानंच गप्प केलं. बाहेर पायरीवर जान्हवी परीक्षेच्या सरावाला चौथी पेटी घेऊन बसली होती. लय दुप्पट केली होती आणि हात कुठे अडत नव्हता. "तिचा 'रे' ऐका," ते म्हणाले. "माझाच हाय तो."