म्हशीची सूचना

अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला, माईकवर बोटानं टकटक केलं, आणि समोरच्या माडीवर पापड वाळत घालणारी बाई हातातलं टाकून आत पळाली. अजून मी एक शब्द बोललो नव्हतो. त्या दिवसांत माझ्या भोंग्याचं नाव असं झालं होतं. सकाळी टकटक झाली की कोणीतरी गेलं, हे गावाला पाठ झालं होतं.

मी स्पीकरवाला. चौथीत मास्तरांनी कानफटात दिली, तेव्हा शाळा सोडली ती सोडली. पण कोल्हापूरच्या पूर्वेला आमच्या भागात माझ्या भोंग्याशिवाय लग्न लागलं नाही की कुस्तीचं मैदान भरलं नाही. आता पोरं डॉल्बी लावतात. छाती हादरते, शब्द एक कळत नाही. भोंगा म्हणजे कर्ण्यासारखं ते पत्र्याचं तोंड. त्याच्यावर कोण नाचत नाही, पण माणसाचं बोलणं तो मैलभर सरळ नेतो. लॉकडाऊनमध्ये डॉल्बीवाले घरात बसले आणि ग्रामपंचायतीनं मला बोलावलं. सूचना सांगायला. मास्क लावा, पारावर बसू नका. आणि कोण वारलं त्याचं नाव, मयताला येऊ नका म्हणून. जन्मभर मी ‘पावण्यांनी जेवून घ्यावं’ पुकारलेला माणूस. हे तोंडाला यायचं नाही. पण पुकारलं.

एक दिवस सरपंचाला म्हटलं, “सांजचं अर्धा तास भोंगा माझ्या मनानं लावनार.”

“कशाला?”

“माणसं मुकी झाल्यात. जरा गंमत करूया की.”

“आण्णा, गर्दी झाली तर माझ्या गळ्याला येतंय.”

“कशी हुईल? ज्यानं त्यानं आपल्या उंबऱ्यात बसून ऐकायचं. मी बी माझ्याच दारात बसनार.”

“मी नको म्हटलं तर ऐकनार हाय काय तुम्ही?”

“न्हाय.”

मग सांजचा कार्यक्रम सुरू झाला. लोकांनी मला फोन करायचा, मी फोन माईकला लावायचा. बायका उखाणे घेत, म्हातारे कोडी घालत, एकजण नुसता कोंबड्यासारखा आरवायचा. पहिल्या दिवशी भोंगा नुसता किंचाळला. फोनवाल्याच्या घरात भोंग्याचा आवाज शिरतो, फोनमधून परत माईकवर येतो, परत भोंग्यात जातो. गोल फिरतो. त्याला आम्ही शिट्टी म्हणतो. उपाय साधा, दारं-खिडक्या लावून बोलायचं. मी माईकवरच ओरडायचो, “वैनी, खिडकी लावा! मालकाचं नाव शिट्टीत बुडालं!” गल्लीभर हसायचे. हसणं कानावर आलं की मला बरं वाटायचं. सकाळी परत नावं पुकारायची होतीच.

अशात शोभाचा फोन आला. शोभा आमची आशाताई, गावची आरोग्यसेविका. ओढ्यापलीकडच्या शाळेत बाधित माणसं ठेवली होती, तिथं तिची ड्युटी.

“आण्णा, हौसाक्का जेवत न्हाय.”

हौसाक्का म्हणजे माझ्या दोस्ताची, ज्ञानूची बायको. ज्ञानूचा रिपोर्ट चांगला आला म्हणून तो घरी, ती शाळेत.

“का जेवत न्हाय?”

“मालक गेला म्हणत्यात. आमी लपवतोय म्हणत्यात. शेजारच्या खाटंवरच्या बाईचा नवरा गेला, तिला सगळ्यांनी ‘बरा हाय’ म्हणून सांगितलं. हौसाक्कानं ते ऐकलं. आता कुणी ‘बरा हाय’ म्हटलं की ती रडाय लागती.”

“मग ज्ञानूला फोनवर दे की.”

“दिला. त्यांनी ‘हां’ म्हटलं आनि ठेवला. त्या म्हनत्यात, हां काय, कोन बी म्हनतंय.”

तिला साखरेचा आजार. गोळ्या चालू आणि पोट रिकामं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर कोल्हापूरला न्यावं लागेल. तेव्हा कोल्हापुरात खाट मिळत नव्हती, आणि खाट मिळालेला माणूस चालत परत येईल असं कोणी छातीठोक सांगत नव्हतं.

मी ज्ञानूच्या दारात गेलो. लांब उभा राहिलो.

“भोंग्यावर चल. तुझा आवाज शाळंत जाऊ दे.”

“काय बोलू?”

“बायकूला सांग, मी हाय, तू जेव.”

ज्ञानू माझ्याकडं असा बघायला लागला, जसं काय मी त्याला चौकात धोतर सोडायला सांगितलं. “आण्णा, येडा झालास काय? अख्ख्या गावादेखत बायकूशी बोलू? आमच्या बानं कधी आईला चारचौघांत हाक मारली न्हाय.”

“ती मराय लागलीय, बेन्या!”

“तू सांग की माझ्या नावानं.”

“माझं ती ऐकंल काय? मी तर रोज मेलेल्यांचीच नावं सांगतोय.”

त्यानं नकाराची मान हलवली. मीही हटलो नाही. उन्हात तसाच उभा. गोठ्यात म्हैस ओरडली. ज्ञानू म्हणाला, “ती बी हिच्याबिगर दूध देईना झालीय. लाथा घालती मला.”

मी म्हटलं, “मग हेच सांग. बायकूशी बोलू नको. म्हशीची सूचना दे. सूचना द्यायला काय लाज हाय?”

ज्ञानूनं खुंटीवरचा पटका काढून डोक्याला गुंडाळला.

आता भोंग्याचं एक असतं. तो तोंडासमोर बोलतो. पाठीमागं नुसता गोंगाट जातो, शब्द कळत नाहीत. माझ्या भोंग्याचं तोंड गावाकडं होतं, शाळा पाठीमागं. शिडी लावून वर चढलो आणि तोंड शाळेकडं फिरवलं. खालून बायको ओरडत होती, पडलासा तर दवाखान्यात जागा न्हाय म्हणून. सरपंचाचा फोन आला, “आण्णा, भोंगा का फिरवला? गावाला सूचना कशा कळायच्या?” मी म्हटलं, “गावाला सकाळी मयतं ऐकवतो. सांजचं शाळंचं.” आणि ठेवला.

ज्ञानूला माझ्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसवला. माईकवर धुतलेला रुमाल बांधला. तो खाकरला, पटक्याचं टोक सारखं केलं, आणि तलाठ्यासारखा सुरू झाला.

“समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येतं. आमची म्हस दुसऱ्या कुणाला धार काढू देत न्हाय. काल दुधाची कासांडी लवंडली. काळ्या गाईचं तसं न्हाय, ती शानी हाय. तर म्हस ज्यांची हाय, त्यांनी येळंवर दोन घास खावं, गोळ्या घ्याव्या, आनि चालत घरला यावं. मला सारख्या लाथा खाता येनार न्हायत. सूचना संपली.”

भोंगा फिरवलेला, तरी शाळेच्या वाटेवरच्या दोन गल्ल्यांत कळलं. माणसं हसून लोळली. थोड्या वेळानं शोभाचा फोन. “आण्णा, हौसाक्का उठून खिडकीत उभ्या राहिल्या. म्हनाल्या, मेलेला मानूस म्हशीचं गाऱ्हानं कशाला सांगंल? अर्धी भाकरी खाल्ली.”

मग ज्ञानू रोज यायला लागला. मी न बोलावता. म्हशीची तब्येत, चुलीत धूर होतो, लोणच्याची बरणी सापडत नाही, दारातली तुळस वाळाय लागलीय, सगळ्याच्या सूचना. बोलता बोलता एकदा घसा बसला तरी उठेना. शाळेतल्या बाकीच्या बाया हौसाक्काला विचारायच्या, आज म्हशीनं काय केलं? तिच्या शेजारच्या खाटेवरची ती बाई मात्र ऐकताना भिंतीकडं तोंड करायची. शोभानं मला हे सांगितलं. मी ज्ञानूला सांगितलं नाही.

हौसाक्का बरी झाली. चालत घरी आली. त्याच आठवड्यात वरून हुकूम आला, सांजचे कार्यक्रम बंद. या खेपेला मी भांडलो नाही. मयतं इतकी झाली होती की हसायला कोणी उंबऱ्यात बसत नव्हतं.

पुढं महिन्याभरानं तिच्या दारावरून चाललो होतो. ती जोत्यावर शेंगा फोडत बसलेली. ज्ञानू आत खाटेवर, भिंतीला टेकून.

“काय हौसाक्का, म्हस दूध देती न्हवं?”

“देती की.”

“आनि आमचा ज्ञानू? बोलतोय न्हवं आता?”

तिनं आत बघितलं. आवाज खाली केला. “तसंच. जेवाय वाढ बी म्हनत न्हाईत. ताट वाजवत्यात.” एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “शाळंतच बरं हुतं, भाऊजी. रोज कोनतरी माझ्याशी बोलत हुतं.”

आतून ज्ञानूनं ताट वाजवलं आणि ती उठली.

माझा धंदा एवढाच. आवाज लांबच्या माणसापर्यंत न्यायचा. ते काम मी चोख केलं, आजही करतो. हाताच्या अंतरावरच्या माणसापर्यंत न्यायचं यंत्र माझ्याकडं नाही. कुठल्या डॉल्बीवाल्याकडं असलं तर बघा.