बाबांनी बाजूला काढलेली पानं

माझे वडील बायंडर. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांची पुस्तकं शिवली. स्वतःचं म्हणावं असं एकच, त्यांचं बायबल, तेही त्यांच्या वडिलांचं. त्यातल्या सहासष्ट ग्रंथांची नावं ते एका दमात क्रमाने म्हणतात. मी प्रोटेस्टंट घरातून कॅथलिक घरात लग्न होऊन आले, तेव्हा सासूबाईंनी बाबांचं नावच ठेवलं, सहासष्ट. "तुझे सहासष्ट आले बघ, चहा टाक."

कॅथलिक बायबलात सात ग्रंथ जास्त असतात. त्यावरून दोघांची कायम जुंपायची.

"व्याहीबुवा, तुमच्यापेक्षा सात जास्त आहेत माझ्याकडे."

"विहीणबाई, धर्मशास्त्र काय किलोवर घ्यायचं असतं?"

सासूबाईंच्या खोलीत संतांची चित्रं आहेत. प्रोटेस्टंट संतांकडे प्रार्थना मागत नाहीत, म्हणून बाबा तिथे बसताना खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करत. सासूबाई म्हणत, "फिरवा, फिरवा. तुमच्या पाठीसाठीही ते प्रार्थना करतील."

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचा उजवा डोळा ऑपरेशनमध्ये गेला. गेल्या बुधवारी डाव्याची पाळी होती. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती, एवढंच सांगितलं होतं की हा आठवडा गेला तर काही करता येणार नाही. सासूबाईंच्या मनात एकच बसलेलं: पहिल्या वेळी घाईगर्दीत माशाची गोष्ट वाचायची राहिली, म्हणून तो डोळा गेला. आंधळ्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांना त्याचा मुलगा माशाचं पित्त लावतो आणि त्याला दिसू लागतं, ती. ती त्या सातांपैकी एका ग्रंथात आहे.

"ती ऐकल्याशिवाय मी टेबलावर आडवी होणार नाही," त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. आणि ऐकायची तीही त्यांच्याच बायबलातून. त्या पानाला त्यांच्या आईने कधीतरी दोऱ्याने टाके घातले होते. ऐकताना सासूबाई त्या टाक्यांवर बोट ठेवतात. दुसरी प्रत आणून फसवता आलं नसतं.

ते बायबल खिळखिळं झालं होतं, म्हणून मीच हौसेने बाबांकडे शिवायला दिलं. कसरीने कोपरे खाल्लेले, पानांचे आकडे गेलेले. मंगळवारी सकाळी ते नव्या पुठ्ठ्यात बांधून आलं. दुपारी चारला मी खुणेची फीत घालायला उघडलं.

गोष्ट नव्हती.

पुन्हा पहिल्यापासून पानं उलटली. सातांपैकी एकही ग्रंथ नव्हता. शिलाई इतकी घट्ट की काही काढलंय हे कुणाला कळूही नये. 

"मिळाली का गं गोष्ट?" आतून आवाज आला.

"हो आई, खूण घालते," मी म्हणाले. लग्नानंतर त्यांच्याशी खोटं बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दूध आणायचं निमित्त करून निघाले. बाबांच्या बायंडिंगच्या कारखान्यापर्यंत दहा मिनिटांची वाट.  पानं गेल्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी ही की बाबांनी मुद्दाम काढली असतील तर? मग मला त्या घरात कोणत्या तोंडाने राहायचं? सासूबाई आडव्या होणार नाहीत, डोळा जाईल, आणि रोज सकाळी त्यांच्या हातात पेला देताना तो डोळा माझ्याकडे बघत नसेल. चालता चालता मी सासूबाईंच्या खोलीतल्या, डोळे राखणाऱ्या संतिणीला विनवू लागले. मध्येच लहानपणचं आठवलं, 'देवाशी बोलताना मध्ये कुणाला घालायचं नाही', म्हणून थेट प्रभूलाच सांगितलं. मग पुन्हा संतिणीला. दोघांनीही समजून घेतलं असावं.

बाबा पुठ्ठ्याला खळ लावत होते. कोपऱ्यातलं रद्दीचं पोतं नव्हतं.

"पोतं कुठंय बाबा?"

"रद्दीवाला घेऊन गेला दुपारी. का गं? बस, घाम बघ किती आलाय."

मी बसले नाही. "आईंच्या बायबलातली पानं?"

त्यांचा ब्रश थांबला. 

"पहिल्या ग्रंथाच्या वेळी वाटलं, दुसऱ्या कुठल्या पुस्तकाची पानं मिसळलीत. आमच्या क्रमात बसेना. तिसऱ्याच्या वेळी कळलं काय आहे ते." त्यांनी ब्रश खळीत ठेवला. "कळल्यावर ती धर्मशास्त्रात शिवायला हात धजेना. आणि तुला सांगायलाही."

"उद्या ऑपरेशन आहे त्यांचं. रद्दीत घातलीत?"

बाबांनी हात पुसले, धाग्यांच्या रिळांचा खण ओढला. तळाशी स्वच्छ कापडात बांधलेला गठ्ठा होता. "देवाचं नाव असलेला कागद रद्दीत जात नाही. माझे वडील टाकत नसत."

"असं शास्त्रात कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं," ते म्हणाले, आणि चप्पल शोधू लागले.

शिवायला वेळ नव्हता. सुटी पानं घेऊन ते माझ्याबरोबर घरी आले. सासूबाईंसमोर सगळं कबूल केलं, माझ्यावर काही येऊ दिलं नाही. मी दारात उभी, पदराचं टोक पिळत.

सासूबाईंनी हात पुढे केला. मग टाक्यांचं पान हातात मागितलं, बोटाने चाचपलं. "काढलीत तुम्ही, वाचाही तुम्हीच."

"वाचतो. पण धर्मशास्त्र म्हणून नाही, विहीणबाई."

"ते तुम्ही आणि देव बघा. मला डोळा हवाय."

बाबांनी वाचलं. पान सासूबाईंच्या मांडीवर, टाक्यांवर त्यांचं बोट, आणि बाबा वाकून. खुर्ची फिरवायची त्यांना आठवण राहिली नाही. माशाचं पित्त आलं तेव्हा त्यांचा आवाज कापला. ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते, हे मला तेव्हा कळलं.

बुधवारी त्या आडव्या झाल्या. पट्टी निघेपर्यंतचे पाच दिवस मी माझ्या रोजनिशीच्या वहीत तारखेशिवाय काही लिहू शकले नाही. बाबांनी त्या दिवसांत सगळी शिलाई उसवली, सातही ग्रंथ जागच्या जागी घातले.

सोमवारी पट्टी निघाली. खिडकी दिसते, गज अजून दिसत नाहीत. डॉक्टर म्हणतात, थांबा. सासूबाईंनी बायबल मागितलं, डोळ्याशी धरलं, पानं उलटली. त्या सातांतल्या प्रत्येक ग्रंथाच्या आधी आणि नंतर एकेक कोरं पान होतं.

"हे कशाला?"

"बायंडरची पद्धत असेल आई," मी म्हणाले. हे दुसरं खोटं; बाबांनी सातांना सहासष्टांपासून वेगळं राखलं होतं.

"कुठे लिहिलीय विचार त्यांना," म्हणाल्या, आणि माशाच्या गोष्टीआधीच्या कोऱ्या पानाशी डोळ्यांच्या संतिणीचं चित्र ठेवून बायबल मिटलं.