नागपूरच्या उन्हातला मासा

सत्तरच्या दशकातली मे महिन्याची दुपार. सिटी बसमध्ये माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेली बरणी होती.

"लोणचं सांडन, बाई," कंडक्टर म्हणाला.

तिनं दुपट्टा सोडला. आत औषधात बुडवलेला काळा, दातरा मासा.

"खोल समुद्रातला आहे. तिथं उजेड पोचतच नाही. संशोधनाच्या जहाजावर मीच जाळ्यातून काढला. आता माझ्या जुन्या शाळेत दाखवाले चालली. तिथले मास्तर म्हणत, नागपूरच्या पोरीले समुद्र कायले पाहिजे?"

"पण मेलेल्या माशाले ऊन लागते काय?" ओल्या दुपट्ट्याकडे बोट दाखवत कंडक्टरनं विचारलं.

ती हसली. लकडगंजला उतरली, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि बरणी दोन्ही हातांनी उंच धरून माशाला म्हणाली,

"पाह्य गा, याले म्हणतात सूर्य!"

त्यानंतर नागपूरच्या उन्हाला मी कधी शिवी दिली नाही.